बोटाला नव्हे, बोट लागली

शुक्रवारी सायंकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी केतकी चुरीला उलटी झाली. ‘नीलांबरी’ ही प्रवासी बोट दुपारी मुरगाव बंदरातून निघाली होती. आकाश मोकळं होतं, वादळाची सूचना नव्हती, लाटाही फार मोठ्या नव्हत्या. उलटी झाली ती केबिनच्या बाथरूममध्ये, दार लावून. पाहिलं कोणीच नाही.

केतकी अकरा वर्षांची. पालघरच्या शाळेत ती मल्लखांब करायची. डोकं खाली, पाय वर अशी ती इतका वेळ लटकायची की बघणाऱ्यालाच गरगरायला लागावं. तिला स्वतःला कधी साधी चक्कर आली नव्हती. आता मात्र हातपाय गार पडले होते, तोंडाला सारखं पाणी सुटत होतं आणि कपाळावर घाम जमत होता. तिच्याबरोबर आलेली प्रमिलाआजी त्र्याहत्तर वर्षांची. काठी टेकल्याशिवाय चार पावलं न टाकणारी आजी या वेळी वरच्या डेकवर बटाटेवडे खात बसली होती. बोट एकच, लाटा त्याच, दुपारचं जेवणही दोघींनी एकाच टेबलावर घेतलेलं. मग एकीच्या पोटात कालवाकालव आणि दुसरी ठणठणीत, हे कसं?

कोडं मोठं होतं, पण केतकीला त्याहून मोठी काळजी होती. तिची आई नीरजा सोमवारी चंद्राभोवती फिरणाऱ्या स्थानकाकडे निघणार होती आणि चौदा महिन्यांनी परतणार होती. उड्डाण भर समुद्रातल्या एका तरंगत्या तळावरून होणार होतं. उड्डाणाआधी अंतराळवीरांना विलगीकरणात ठेवतात (कोणाचा आजार त्यांना होऊ नये म्हणून बाकीच्या माणसांपासून वेगळं). घरच्यांना एकदाच भेटता येतं, शनिवारी, पंधरा मिनिटं, तेही चार हात लांबून. बाबांच्या पायाला प्लास्टर होतं, म्हणून केतकीबरोबर आजी आली होती. भेटीची अट बंदरावरच मोठ्याने वाचून दाखवली होती. बोटीवर चढल्यापासून ज्याला ताप, जुलाब किंवा उलटी झाली, त्याला तळावर पाऊल ठेवता येणार नाही.

केतकीने तोंड धुतलं, इतका वेळ आईचे व्हिडिओ बघत होती तो टॅब बाजूला सारून पलंगावर अंग टाकलं आणि मदतीचं बटण दाबलं.

दारातून कोळंबी आत आली. बोटीच्या मालकांनी या यंत्रमानवाला भलंमोठं नाव दिलं होतं. पण नारिंगी रंग, पुढे झुकलेली पाठ आणि बोट कितीही हलली तरी जमीन न सोडणारे दहा बारके पाय पाहून मुलांनी पहिल्याच तासात त्याचं बारसं करून टाकलं होतं.

“काय मदत करू?” कोळंबीने विचारलं.

“बोट लाग...” केतकी कण्हली. उरलेला शब्द उशीत गेला.

“कोणत्या हाताचं?”

“अं?”

“बोट. उजव्या हाताचं की डाव्या?”

केतकीच्या अंगात बोलायचं त्राण नव्हतं. तिने ‘जा’ म्हणून हात हलवला. कोळंबीने तोच हात धरला, तर्जनीला मलम चोपडलं, पांढरी पट्टी गुंडाळली, “पाण्यात घालू नका” असं बजावलं आणि ती निघून गेली. जाता जाता तिने दवाखान्याला कळवून टाकलं, की केतकी चुरीच्या बोटाला किरकोळ लागलं आहे, दुसरी काही तक्रार नाही.

थोड्या वेळाने आजी खाली आली. दाराची चौकट धरून तिने आधी पट्टी बघितली, मग केतकीचा पांढरा पडलेला चेहरा.

“काय गं, बोट कापलंस?”

“नाही. मला बोट लागली असं सांगत होते. कोळंबीने हाताचंच धरलं.”

आजी खो खो हसली. मग एकदम थांबली. “उलटी?”

“एकदाच.”

आजी पलंगाच्या कडेवर टेकली. “निघण्याआधी गोळी देत होते, तर काय म्हणालीस? अंतराळवीराची मुलगी गोळी घेत नाही. ती गोळी आधी घेतली तरच नीट लागू पडते, बाईसाहेब. आणि तुझ्या आईचं विचारशील, तर पहिल्या उड्डाणात उलटीची पिशवी हातातून खाली ठेवत नव्हती ती.”

“आई? तिला पण?”

“अंतराळात गेलेल्या निम्म्याहून अधिक लोकांना पहिले दोन-तीन दिवस असाच त्रास होतो. त्यात लाजण्यासारखं काय आहे?”

केतकी उठून बसली. “आजी, दवाखान्यात सगळ्यांना वाटतंय माझं बोट दुखतंय. उलटीचं कोणाला माहीतच नाही. तू सांगू नकोस ना. प्लीज.”

बोट एका बाजूला कलली, टेबलावरचा पेला सरकला, तो आजीने नुसता धरून ठेवला.

“मी आपणहून सांगणार नाही,” ती शेवटी म्हणाली. “पण डॉक्टरांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. काय करायचं ते तू ठरव. त्याआधी एक शोधून काढू. ही उलटी समुद्राची की जंतूची?”

“समुद्राचीच! मला माहीत आहे.”

“माहीत आहे, की तसं असावं असं वाटतंय?”

केतकी पुन्हा आडवी झाली.

“ऊठ. वर चल.”

“मला पडून राहू दे. मरायला झालंय.”

“डोळे मिटून पडली असतीस तर एक वेळ ठीक होतं. तू पडून त्या टॅबवर आईचे व्हिडिओ बघत होतीस. सगळा घोटाळा तिथेच आहे. चल, माझा हात धर. म्हणजे मलाही आधार होईल.”

आजीने तिला पुढच्या टोकाला नेलं नाही की मागच्या टोकाला नेलं नाही. ती बरोबर बोटीच्या मध्यावर थांबली. “बागेतली सी-सॉ आठव. टोकावर बसणारा वर-खाली उडतो. मधे बसणाऱ्याला फारसं काही कळत नाही. बोटीचंही तसंच. आता समोर बघ. लाटांकडे नको, कठड्याकडेही नको. आकाश पाण्याला टेकतं ती रेघ बघ. आणि गप्प राहा.”

केतकी क्षितिजाकडे बघत राहिली. वारा तोंडावर येत होता. सुरुवातीला पोट ढवळतच होतं. मग घाम सुकला. तोंडाला सुटणारं पाणी थांबलं. काही वेळाने आजीने तिच्या हातावर मूठभर कुरमुरे ठेवले. “एक-एक खा. पोट अगदी रिकामं नको आणि गच्चही नको. पाणी घोटघोट.”

“आलेपाक आहे का गं? सुलूमावशी म्हणते, आल्याने लगेच थांबतं.”

“काहींना थांबतं, काहींना नाही. आहे माझ्याकडे, घे. पण लगेच वगैरे सांगू नकोस कोणाला.”

प्रमिलाआजी म्हणजे केतकीच्या आईची आत्या. आंतरकर्णाच्या (कानाच्या सर्वांत आतल्या भागाच्या) अभ्यासात तिची चाळीस वर्षं गेली होती. तिने शेजारच्या टेबलावरचा सरबताचा पेला उचलला. त्यात लिंबाची एक बी तरंगत होती.

“डोकं हललं, वळलं, कललं, हे मेंदूला कोण सांगतं?”

“डोळे.”

“आणि?”

“आता तू विचारते आहेस म्हणजे कान.”

“लबाड! कानच. त्यात तीन वाकड्या नळ्या असतात, तीन वेगवेगळ्या दिशांना बसवलेल्या. त्यांना अर्धवर्तुळाकार नलिका म्हणतात. त्यांच्यात पाण्यासारखा द्रव असतो. आता या बीवर नजर ठेव.” आजीने पेला झटकन फिरवला. पेला वळला, बी मात्र होती तिथेच राहिली आणि मग हळूहळू फिरू लागली. “डोकं वळलं की नळी लगेच वळते, आतला द्रव मागे रेंगाळतो. तिथे बारीक केसांसारखे तंतू आहेत, ते वाकतात आणि मेंदूला कळवतात, वळलो. शिवाय कानात कर्णाश्म असतात (चुन्याचे अगदी बारीक खडे). ते जेलीसारख्या गादीवर बसलेले असतात. आपण वर उचललो गेलो, खाली आलो, एका बाजूला कललो, की ते सरकतात. झाली दुसरी बातमी.”

“मग बिघडलं कुठे?”

“तूच सांग. तू खाली केबिनमध्ये होतीस. भिंत तुझ्याबरोबर हलत होती, पलंग हलत होता, टॅबही हलत होता. तुझ्या डोळ्यांनी मेंदूला काय कळवलं असेल?”

केतकीने विचार केला. “सगळं जागच्या जागी आहे.”

“आणि कानांनी?”

“की आपण वर जातोय, खाली येतोय.” ती थांबली. “म्हणजे दोघांपैकी एक खोटं सांगतोय.”

“कोणीच खोटं सांगत नाही. पंचाईत तीच आहे. दोन्ही साक्षीदार प्रामाणिक आणि साक्षी उलट्या. मेंदूने कोणावर विश्वास ठेवायचा? मल्लखांबावर कान म्हणतात उलटे झालो, डोळेही म्हणतात उलटे झालो. साक्षी जुळल्या, प्रश्न मिटला. इथे डेकवर उभं राहून क्षितिज बघितलंस, तेव्हा डोळ्यांनाही दिसलं की आपण कलतोय. पुन्हा साक्षी जुळल्या.”

“पण भांडण डोळ्यांचं आणि कानांचं. मेंदू पोटावर का राग काढतो?”

“चोर सोडून संन्याशाला फाशी, नाही का?” आजी किंचित हसली. “याचं पक्कं उत्तर अजून कोणाकडे नाही. एक तर्क आहे. काही विषं पोटात गेली की आधी तोल जातो, डोळ्यांपुढे गरगरतं. म्हणून साक्षी जुळेनाशा झाल्या की मेंदूला वाटतं, विष खाल्लं, आधी पोट रिकामं करा. काही जणांना हा तर्क पटत नाही. मला निम्मा पटतो.”

“आणि तुला का नाही लागली?”

आजीने काठी मांडीवर आडवी ठेवली. “तुझ्याएवढी होते तेव्हा खूप आजारी पडले. जीव वाचवायला एक जोरकस औषध दिलं. जीव वाचला. त्या औषधाने दोन्ही कानांतलं हे सगळं जळून गेलं. ऐकू येतं, पण तोल कळत नाही. अंधारात भिंत धरल्याशिवाय मला उभं राहता येत नाही. चालता चालता दुकानाची पाटी वाचता येत नाही, अक्षरं नाचतात. माझ्याकडे एकच साक्षीदार उरला आहे, डोळे. त्यांच्याशी भांडायला दुसरा नाही. म्हणून मला बोट लागत नाही.” तिने काठीची मूठ अंगठ्याने पुसली. “त्याच्या बदल्यात मी रोज एक उलटी आनंदाने केली असती.”

केतकीने तिचा हात धरून ठेवला. थोड्या वेळाने ती म्हणाली, “आजी, मला बरं वाटतंय. म्हणजे समुद्रच होता. झालं सिद्ध!”

“नाही झालं. जंतूची उलटीही दोन-चार तास थांबते. एकदा बरं वाटणं हा पुरावा नव्हे.”

“मग पुरावा काय?”

“परत खाली जाऊन बघायचं. खाली ढवळलं, वर थांबलं. पुन्हा खाली, पुन्हा वर. दर वेळी तसंच झालं, तर पारडं समुद्राकडे झुकतं. जंतूला क्षितिज दिसत नाही, त्यामुळे त्याला काही फरक पडणार नाही.”

केतकी कठड्याशी उभी राहिली. खालून इंजिनाची घरघर येत होती. आईने एकदा स्थानकाची खोली दाखवली होती. तिघं जण, तीच हवा, गाळून गाळून तेच पाणी, आणि डॉक्टर म्हणजे पडद्यावरचा चेहरा. तिथे एकाला जुलाब सुरू झाले तर?

“आजी, स्थानकावर आई आजारी पडली तर तिला परत आणतात?”

“लगेच आणता येत नाही.”

केतकीने बोटावरची पट्टी सोडायला सुरुवात केली. कोळंबीने ती इतकी घट्ट बांधली होती की शेवटी दातांनी ओढावी लागली.

बोटीवरच्या डॉक्टर सबिना डाबरे वसईच्या होत्या. बोलणं तुटक, नजर शांत. “ये. बोट दुखतंय का अजून?”

“बोटाला काही झालेलंच नाही. मला बोट लागली. उलटी झाली.”

डॉक्टरांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. “कधी?”

“संध्याकाळी. एकदा.”

“तळाचा नियम माहीत आहे?”

“हो.”

“सांगितलं नसतंस तर मला कळलं नसतं.”

“माहीत आहे,” केतकी म्हणाली. “पण ती जंतूची असली आणि आईला...” तिने बाहीने डोळे पुसले.

डॉक्टरांनी तिला शाबासकी दिली नाही की रागावल्याही नाहीत. त्यांनी ताप बघितला, पोट दाबून बघितलं, जेवणात काय काय होतं ते विचारलं, आजीचा खाली-वरचा प्रयोगही केतकीकडून ऐकून घेतला. मग कोळंबीला बोलावलं. “काय गं, बोट लागली आणि बोटाला लागलं, यातला फरक कळत नाही तुला?”

“क्षमा असावी,” कोळंबी म्हणाली. “मराठीत भूक लागते, आग लागते, दृष्ट लागते, नोकरी लागते. बोट धक्क्याला लागते आणि माणसालाही लागते. मी जवळचा अर्थ घेतला.”

“यापुढे जवळचा घेऊ नकोस. विचार.”

केतकीला रडता रडता हसू आलं. डॉक्टर तिच्याकडे वळल्या. “नीट ऐक. नियम माझा नाही, तळावरच्या वैद्यांचा आहे. पुरावा भक्कम असेल तर ते सूट देऊ शकतात. देतीलच असं नाही. तुझे नमुने सकाळी ड्रोनने पुढे पाठवते. जंतू आहे की नाही ते त्यांची प्रयोगशाळा सांगेल. तोवर तुझी आजी म्हणते तो प्रयोग करू. पण माझ्यासमोर. आणि त्रास वाढला तर लपवायचं नाही.”

“आता नाही लपवणार.”

त्याच संध्याकाळी, अजून उजेड होता तोवर, केतकी दवाखान्यामागच्या बिनखिडकीच्या खोलीत पुस्तक वाचत बसली. दोन पानं होईतो तोंडाला पाणी सुटलं. तिला वर नेलं, क्षितिज बघायला लावलं, मळमळ ओसरली. पुन्हा खाली, पुन्हा वर. नंतर डॉक्टरांनी तिला पाठीवर झोपायला, डोळे मिटायला आणि डोकं फार न हलवायला सांगितलं. दुसरी उलटी झाली नाही. बोटीवर इतर कोणीही पोटाची तक्रार घेऊन आलं नाही.

शनिवारी सकाळी प्रयोग पुन्हा झाला. या खेपेला बंद खोलीत चार पानं वाचून झाली तेव्हा कुठे पोट ढवळलं.

“कमी झालं!” केतकी म्हणाली. “औषध तर तुम्ही दिलंच नाही.”

“तुझ्या मेंदूने घेतलं,” आजी म्हणाली. “रात्रभर तो दोन्ही साक्षी पडताळत होता. बोटीवर असंच व्हायचं हे हळूहळू त्याच्या लक्षात येतं आणि तो तक्रार करणं सोडतो. याला अनुकूलन म्हणतात (नव्या परिस्थितीशी शरीराने जुळवून घेणं). तुझ्या आईच्या मेंदूलाही तेच करावं लागणार आहे. तिकडे वजनच जाणवत नाही, त्यामुळे कानातले खडे वर-खाली काही सांगतच नाहीत.”

केतकी विचारात पडली. “समजा, लोक मंगळावर राहायला गेले. तिथे बाळं जन्मली. तर त्यांचे कान तिथलेच होतील? आणि ती इकडे आली तर त्यांना पृथ्वी लागेल?”

आजी तिच्याकडे बघतच राहिली. “हे कोणालाच माहीत नाही अजून. मी हा प्रश्न कधी विचारला नव्हता. तू मोठी होशील तेव्हा ती बाळंही असतील. तूच शोधून काढ.”

साडेदहाच्या सुमारास तरंगता तळ दिसू लागला. आधी नुसता एक ठिपका, मग मनोरा, मग त्याच्या पायथ्याचा पांढरा सज्जा. डॉक्टरांनी सगळा पुरावा तळाकडे पाठवला होता. ताप नाही. जुलाब नाहीत. उलटी एकच. त्रास बंद खोलीत होतो, उघड्यावर थांबतो आणि वेळेबरोबर कमी होतो. दुसरा कोणी आजारी नाही. त्यांचं मत होतं, ही समुद्राचीच बाधा आहे.

तळाचं उत्तर थोडक्यात आलं. पुरावा पटण्यासारखा आहे, पण प्रयोगशाळेचा अहवाल आल्याशिवाय परवानगी देता येत नाही. केतकीची जागा राखून ठेवली आहे. होडी साडेअकरापर्यंत थांबेल.

बाकीचे नातेवाईक होडीत उतरले. आजीला केतकीआधी जायचं नव्हतं, तीही थांबली. केतकीने लाइफजॅकेट घातलं होतं, पट्टे दोनदा ओढून बघितले होते. डॉक्टरांच्या हातातलं बिनतारी यंत्र खरखरलं.

“केतू? मी सज्ज्यात आहे. डाव्या कोपऱ्यात, निळ्या कपड्यात. दिसते का?”

केतकीने डोळे बारीक केले. निळं काहीतरी हलत होतं. “दिसतेस. आई, मी त्यांना सांगितलं.”

“कळलं मला. डॉक्टर डाबऱ्यांनी सांगितलं.” निळा ठिपका कठड्याशी सरकला. “मी इथेच उभी राहते.”

सव्वाअकरा वाजता होडीचं इंजिन सुरू करून ठेवलं गेलं. लाटा एक मीटरच्या आतच होत्या, म्हणजे होडी जाऊ शकत होती. नमुन्यांची तपासणी चालू होती. अहवाल अजून आलेला नव्हता.